बिनचहाची मावशी

माझ्या अश्विनीचं दुसरं लग्न झालं ते साल २०४३. वैशाख होता. पंचेचाळिशीला आलेली बाई पुन्हा बोहल्यावर चढतेय म्हणून बार्शीतल्या आमच्या गल्लीत लोक कुजबुजले, पण जेवायला सगळे आले. त्याच लग्नाच्या हळदीला मी माझ्या दंडावरची चकती काढून माझ्या जावेला दिली. पुढचं सगळं त्या चकतीपायी घडलं, म्हणून आधी चकतीचं सांगते.

आमच्याकडं नर्सिंगचं एक कॉलेज आहे. तिथं मी पेशंटचं काम करायचे. खरी पेशंट नव्हे, सोंगाची. मुलींना दवाखान्यात जाण्याआधी कुणावर तरी हात बसवावा लागतो, जीभही बसवावी लागते. तिथं शिकवणाऱ्या हिरेमठ मॅडम मला सकाळी सांगायच्या, आज तुमचं खुब्याचं हाड मोडलंय, आज तुम्हाला दिसत नाही, आज तुम्ही ओली बाळंतीण आहात. साठी उलटलेली बाळंतीण. मुली हसायच्या, मीही हसायचे, मग मॅडम रागवायच्या आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करायचो. काम संपलं की मला चहा लागायचा. चहा आल्याशिवाय मी पलंगावरून उठायचे नाही.

मग कॉलेजात यंत्राचा पेशंट आला. त्याचं खरं नाव प्रतिरुग्ण. रबरासारखी मऊ कातडी, आत नळ्या, आणि या सगळ्याच्या मागं हिशोब करणारा संगणक. पण नुसता हिशोब चालत नाही, त्याला कुणाचं तरी शरीर द्यावं लागतं. मॅडमनी माझं घेतलं. माझ्या तोंडाचा साचा काढला, गालावरच्या तिळासकट. माझं बोलणं भरून घेतलं. आणि दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवली. चकती नाडी बघायची, झोप बघायची, घामातलं मीठ आणि कातडीखालचं पाणी मोजायची आणि ते कॉलेजात पोचवायची. त्यावरून संगणक आपल्यापाशी माझं काळीज, माझी फुप्फुसं, माझी मूत्रपिंडं जुळवून ठेवायचा. मी जिना चढले की तिकडं पलंगावर पडल्या पडल्या तिला धाप लागायची. मुली तिला बिनचहाची मावशी म्हणायच्या.

त्यातही एक गोष्ट अशी की हिशोब पुढं पळवता यायचा. आहे त्या शरीरात आज जे चाललंय ते असंच चालू राहिलं तर सहा महिन्यांनी काय, वर्षानं काय, हे ते यंत्र एका दुपारी करून दाखवायचं. मुलींना एक माणूस आजारी पडताना, वाढत जाताना, बरं होताना किंवा न होताना बघायला मिळायचं. पण ज्याचं शरीर त्याला पुढचं सांगायचं नाही, असा कडक नियम होता. मी कामाला हो म्हणाले तेव्हा तेही कबूल केलं होतं. मला तेव्हा पुढचं काही ऐकायचंही नव्हतं.

आता माझी जाऊ. द्वारका तिचं नाव, मी अक्का म्हणते. माझ्या मोठ्या दिरांची बायको. दोघींचे नवरे गेले, पोरं आपापल्या वाटेला लागली आणि आम्ही दोघी एका घरात राहिलो. आमच्यात तुझंमाझं कधी नव्हतं. एकीचा उपवास असला आणि ती तापानं पडली तर दुसरी तिच्या नावानं उपवास धरायची. मी बाळंतीण असताना माझे सोळा सोमवार अक्कानं पुरे केले होते. देवाला ते चालतं, आमच्यात तशी रीतच आहे.

हळदीच्या दिवशी माझा दंड चकतीखाली खाजत होता. त्यात तेल लागणार, हळद लागणार. मी म्हणाले, "अक्का, हे काढून कुठं ठेवू? कॉलेजवाल्या म्हणतात खंड पडता कामा नये."

अक्का खांबाला टेकून बसली होती. आजकाल विधवा बायकाही हळद लावतात, मी तर नवरीची आईच होते. पण अक्का जुन्या वळणाची, बाजूलाच बसायची. ती म्हणाली, "दे इकडं. तुझं व्रत मी चालवते."

"तुला टोचंल."

"मला काय होतंय? मी नुसती बसलीय. तू जा, पोरीला हळद लाव."

मी चकती तिच्या दंडावर चिकटवली. चकतीचा हिरवा दिवा लागला. अक्का म्हणाली, "बघ, हिला फरक कळंना."

लग्न झालं, अश्विनी लातूरला गेली. माझ्या दंडावर फोड आले होते, ते लवकर भरेनात. मी कॉलेजातून नवी चकती आणायचे आणि अक्का ती लावायची. मी म्हणाले, आता मी लावते, तर म्हणाली, "राहू दे गं. कुणी तरी दिवसभर विचारपूस केल्यासारखं वाटतं." तिला दोन मुलगे होते पुण्यात. मी चकती तिच्याकडंच राहू दिली. यात काही चुकतंय असं आम्हा दोघींच्या मनातही आलं नाही. उपवासाचं तेच चकतीचं, एवढंच आमच्या डोक्यात.

आषाढात पहिल्यांदा मला काहीतरी निराळं जाणवलं. बाजारात तबस्सुम भेटली, तांबोळ्यांची मुलगी, तिसऱ्या वर्षाला होती. नेहमी लांबूनच हात हलवून "चहा झाला का मावशी?" म्हणणारी. त्या दिवशी ती भर रस्त्यात वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मी म्हणाले, "आगं, परीक्षा आहे का काय?" ती हसली नाही. तिचा अंगठा माझ्या घोट्याच्या वर, नडगीवर टेकला होता. तिनं तो दाबला, जरा थांबली, मग उचलून त्या जागेकडं बघितलं आणि उठली.

"काय गं?"

"काही नाही मावशी. जपून जा."

मला वाटलं, पोरगी मोठी झाली, रीत शिकली. पण आठवडाभरात आणखी एक भेटली, तिनंही तसंच केलं. मग देवळाच्या पायरीवर दोघी एकदम. सगळ्या वाकायच्या, सगळ्यांचा अंगठा त्याच जागेवर, सगळ्या दाबून बघायच्या. आणि नंतर माझ्या तोंडाकडं बघायचं टाळायच्या. नमस्कार करणारा माणूस आशीर्वादासाठी वर बघतो. या खालीच बघायच्या.

घरी येऊन मी माझी नडगी दाबून बघितली. काहीच दिसलं नाही. पण काय दिसायला हवं तेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळं जास्त भीती वाटली.

मी कॉलेजात गेले. बिनचहाची मावशी नेहमीच्या खोलीत नव्हती. शिपाई म्हणाला, मागच्या बाजूला हलवलीय. मी अक्षरं चाळिशीत शिकले, त्यामुळं पाट्या मी अजून एकेक अक्षर जोडत वाचते. मागच्या खोलीवरची पाटी मी तशीच वाचली. अंतिम. काळजी. कक्ष. दोनदा वाचली.

दाराला काच होती. आत पलंगावर मी होते.

उशांवर उशा रचून मला बसवलं होतं. ओठ काळे पडले होते. पाय पांढऱ्या चादरीबाहेर, सुजून खांबासारखे झालेले. छातीतून घरघर येत होती, आणि एकेका श्वासासाठी मान पुढं जात होती. तबस्सुम माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसरी एक मुलगी ओल्या कापसानं माझे ओठ पुसत होती. मग माझ्या आवाजात ती म्हणाली, "अक्काला बोलवा."

तबस्सुम म्हणाली, "अक्का निघाल्यात, मावशी. रस्त्यातच आहेत."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मला कळलं, हे तिनं पुष्कळदा म्हटलंय.

मी भिंत धरून मॅडमच्या खोलीपर्यंत गेले. हिरेमठ मॅडम चांगल्या बाई आहेत. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या, त्यावरूनच मला अर्धं समजलं.

"मॅडम, मी मरणार आहे का?"

"शालनताई, बसा. तसं काही नसतं. यंत्र हजार वेळा पुढं पळतं, हजार शेवट निघतात. जो जास्त वेळा निघतो तो आम्ही शिकवतो. ते भविष्य नाही."

"मग पोरी माझे पाय का दाबतात?"

मॅडमनी माझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "दाबतात?"

"सगळ्या."

"मी बोलते त्यांच्याशी." त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. "नियम मी केलेला नाही. एका गावात एका माणसाला त्याच्या प्रतिकृतीचं सांगितलं, तो जेवायचाच बंद झाला. तेव्हापासून कुणालाच सांगत नाहीत. पण एक करू. उद्या तुमची सगळी तपासणी करून घेऊ. खरी."

तपासणी झाली. काळजाची पट्टी काढली, छातीवर गार लोण्यासारखं काही लावून सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, "आजी, या वयात असं काळीज मला मिळालं तर मी नाचेन." मॅडमच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता, कोडं होतं. त्या हळूच डॉक्टरांना म्हणाल्या, "यंत्राला आपल्या आधी दिसत असेल." मी पडद्याआड लांब बाह्यांच्या चोळीची बटणं लावत होते. मी ते ऐकलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. जेवण उतरेना. जिना चढताना मी स्वतःचा श्वास ऐकायचे. आडवी झाले की वाटायचं, आता छातीत घरघर सुरू होईल. अक्काला सांगावंसं वाटायचं आणि तोंड उघडायचं नाही. तिला सांगितलं की ते खरं होईल असं काहीतरी मनात बसलं होतं. ती विचारायची, "काय झालंय तुला? पोरीची आठवण येते का?" मी हो म्हणायचे. ती भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायची, आडवं झालं की पित्त वर येतं म्हणायची. मी तिच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, ही एकटी कशी राहील.

श्रावणातल्या एका दुपारी मी तबस्सुमला एस. टी. स्टँडवर गाठलं. ती गाडीची वाट बघत होती. मी तिचा हात धरला.

"तुला नियम आहे, मला ठाऊक आहे. तू बोलू नको. मी विचारते, तू मान हलव. काळीज आहे का?"

ती रडायला लागली. मग मान हलवली.

"कधी?"

"मावशी, सोडा ना."

"माझ्या लेकीचं आत्ता लग्न झालंय. तिला बोलवू का नको, एवढंच सांग."

"दिवाळीच्या आत," ती म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिचं थांबेना. "आम्हाला पण कळत नाही मावशी, तुम्ही इतक्या चांगल्या होता. चैत्रापर्यंत काहीच नव्हतं. वैशाखात एका दिवसात सगळं बदललं. मॅडम म्हणतात, कळ न येता झटका येऊन गेला असेल. तारीख पण दिसते. अश्विनीताईंच्या हळदीचा दिवस होता तो. आम्ही सगळ्या जेवायला आलो होतो ना? तुम्ही तर नाचत होता."

मी तिचा हात सोडला.

खरं सांगायचं तर मला आधी भूक लागली. स्टँडवर भजी तळत होते, त्याचा वास इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाकात शिरला. मी भजी घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मी मरणार नव्हते. काळीज माझं नव्हतं, पाणी माझं नव्हतं, त्या दिवसापासून दंडावर चकतीच नव्हती. तबस्सुम माझ्याकडं बघत राहिली. हातातल्या कागदावर दोन भजी उरली होती तेव्हा मला अक्का आठवली, भिंतीला टेकून झोपणारी.

घरी आले तर अक्का पाय पसरून माठाची भाजी निवडत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि अंगठ्यानं तिची नडगी दाबली. अंगठा उचलला. तिथं खळगा पडला होता. मी बघत राहिले. कणकेत बोट दाबल्यासारखा तो तसाच राहिला.

"काय करतेस?" अक्का म्हणाली.

"पाय सुजलेत तुझे."

"उभं राहून कामं केली की सुजणारच."

"कधीपासून?"

"काय माहीत. दोन वर्सं झाली असतील." ती देठं मोडत होती. "पित्ताची हाय माझी प्रकृती."

मी तिला सगळं सांगितलं. पोरींच्या नमस्कारापासून काचेच्या दारापर्यंत. अक्कानं भाजी बाजूला ठेवली. बराच वेळ ती दंडावरच्या चकतीकडं बघत होती. हिरवा दिवा चालू होता.

"म्हणजे ही रोज मला विचारत होती," ती म्हणाली, "आणि मी तिला खरं सांगत होते."

"व्हय."

"तुला न्हाई सांगितलं कधी."

मी रडले. ती रडली नाही. म्हणाली, "दिवाळीच्या आत म्हणजे फराळ करू नको म्हणावं का?"

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन कॉलेजात गेले. आम्ही चकतीचं सांगितलं तेव्हा मॅडम खुर्चीत मागं टेकल्या आणि डोळे मिटले. "दुसऱ्याच्या दंडावर," त्या पुटपुटल्या. "व्रत म्हणून." त्या आम्हाला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. एक अख्खा वर्ग त्या पेशंटवर शिकला होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. काळीज म्हणजे विहिरीवरची मोटार. मोटार थकली की पाणी पुढं जात नाही, मागं तुंबतं. माणसात ते पायात उतरतं, मग छातीत भरतं, म्हणून आडवं झालं की जीव गुदमरतो. "यंत्राला वाटलं, ही एकच बाई आहे," मॅडम म्हणाल्या. "चैत्रात धडधाकट मोटार, वैशाखात थकलेली. एवढ्या वेगानं घसरतेय तर दिवाळी गाठणार नाही, असा त्यानं हिशोब केला. पण हा वेग खोटा आहे. द्वारकाबाईंचं काळीज कदाचित किती तरी वर्षं असंच असेल."

"म्हणजे मी मरत न्हाई?" अक्कानं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, आजी."

डॉक्टरांनी तपासलं. काळीज निम्म्याच जोरानं चाललं होतं. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. किती दिवस, असं मी विचारलं तेव्हा तेही छताकडं बघायला लागले. घाबरायचं काय ते एवढंच की आधी तारीख होती, आता तीही नव्हती.

निघताना अक्का म्हणाली, "मला ती बघायचीय."

मॅडम नको म्हणाल्या. मी नको म्हणाले. अक्का त्या मागच्या खोलीच्या दिशेनं चालायलाही लागली होती.

आत गेलो. बिनचहाची मावशी उशांना टेकून घरघरत होती. अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला, कुणाच्या घरी मयताला गेल्यावर करतात तसा. तिनं पलंगावरच्या माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिच्या छातीवर तळहात ठेवला.

"हे आत धडधडतंय ते माझं?"

"हो आजी," तबस्सुम म्हणाली.

"आणि तोंड हिचं."

त्या वेळी पलंगावरचीनं डोळे उघडले. माझे डोळे. माझ्या आवाजात म्हणाली, "अक्का आली का?"

अक्का खाली वाकली आणि म्हणाली, "आले गं."

त्या यंत्राला धीर दिला की श्वास संथ करायला शिकवलेलं असतं. घरघर हळूहळू कमी झाली. अक्का तिच्या कपाळावरून हात फिरवत होती, जसा तिनं माझ्या बाळंतपणात माझ्या कपाळावरून फिरवला होता. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, शालन ती आहे, अक्का तिच्यापाशी आहे, मग मी कोण. अंगावर असा काटा मला आयुष्यात कधी आला नाही. मी ओरडणार होते. तबस्सुमनं मला बाहेर नेलं.

बाहेर आल्यावर अक्का मॅडमना म्हणाली, "बाई, मरायचं तर मी माझ्या तोंडानं मरेन. ही भितरी हाय. हिला कशाला रोज मारताय?"

मॅडमनी वरिष्ठांना विचारलं आणि अक्काचं नवं शरीर बांधायला घेतलं. तिचा साचा काढला, तिच्या नावानं चकती दिली. मी मात्र पुन्हा चकती लावली नाही. माझं काम तिथंच संपलं. अक्काचा आवाज भरायला भाद्रपदभर लागला, कारण ती कण्हायचीच नाही. मॅडम म्हणायच्या, "आजी, छातीत कळ आली तर काय म्हणाल?"

"काय म्हणायचं? बरंय म्हणायचं."

"कण्हा तरी थोडं."

"लोकांच्या पोरींपुढं कण्हू? मला लाज हाय का न्हाई?"

शेवटी मॅडमनी ते तसंच ठेवलं. अक्काची प्रतिकृती जीव चालला तरी बरंय म्हणायची, आणि मुलींना तिची नखं, तिची मान, तिच्या नाकपुड्या बघून ओळखावं लागायचं. तबस्सुम म्हणाली, त्या वर्षी मुली बऱ्याच नापास झाल्या.

दिवाळी आली. अक्कानं मीठ न घातलेली शंकरपाळी खाल्ली आणि म्हणाली, कुत्रं खाणार नाही. ती जिवंत होती. त्या रात्रीपुरतं मला हलकं वाटलं, सकाळी पुन्हा भीती जागच्या जागी होती. कारण आता नवी प्रतिकृती होती, तिच्यावर चकतीचा खरा हिशोब होता, आणि तो कॉलेजात पुढं पळत होता. कुणाला तरी माहीत होतं. तबस्सुम पास होऊन घरोघर जाणाऱ्या नर्सांच्या पथकात लागली, ती आठवड्याला आमच्याकडं यायची. मी तिच्यासाठी चहा टाकायचे आणि तिचं तोंड न्याहाळायचे. तिनं चहा अर्धा टाकला तर माझा दिवस भीतीत जायचा. जाताना अक्काशी जास्त वेळ बोलली तर दोन दिवस जायचे.

आणि मी अक्काचे पाय दाबायला लागले. तेल लावायच्या निमित्तानं, रोज सकाळी. अंगठा टेकायचा, उचलायचा, खळगा किती वेळ राहतो ते बघायचं. गोळ्यांनी सूज कमी झाली होती, तरी मी बघायचे. संक्रांतीच्या सकाळी अक्कानं पाय ओढून घेतले.

"पुरे."

"तेल तरी लावू दे."

"तेल न्हाई लावत तू. माझे पाय चेपतेस का माझं मरण मोजतेस? त्या पोरी आल्या की पायाला हात लावतात ते त्यासाठी, तू वाकतेस ते त्यासाठी. मला मेलीला आशीर्वाद द्यायला पण कुणी ठेवलं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "तू माझी जाऊ हायेस का त्यांची मुकादम?"

तिनं दंडावरची चकती सोलून काढली, चूल पुसायच्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "ही त्यांना देऊन ये. त्यांना जेवढं लागत होतं तेवढं मिळालं."

मी देऊन आले. मॅडमनी विचारलं, "शेवटचा हिशोब काय निघाला ते तुम्हाला जाणून घ्यायचंय का? मी नियम मोडते." त्या खरंच मोडणार होत्या, तोंडावरून कळत होतं. हो म्हणावं असं मला इतकं वाटलं की मी खुर्चीची कड घट्ट धरली. मग मी न विचारता बाहेर आले आणि पटांगणात बसून राहिले. भ्यायले होते म्हणूनच उठले, धीट होते म्हणून नव्हे.

त्यानंतर अक्कानं मला बरेच महिने पाय शिवू दिले नाहीत. बोलायची, हसायची, माझ्या हातचं खायची, पण सणावाराला मी वाकले की म्हणायची, लांबूनच. आमच्या पन्नास वर्षांच्या संसारात एवढीच एक फट पडली आणि ती मी पाडली. तिला ती बुजवायची घाई नव्हती. मी मात्र तिच्या खोकल्यानं दचकायचे, ती दारात जरा जास्त वेळ थांबली तरी धावायचे, आणि ती म्हणायची, "अजून हाय गं."

ती तीन वर्षं होती. २०४६ची दिवाळी झाली आणि तिची धाप वाढली. पुण्याहून मुलगे आले, दवाखान्यात नेतो म्हणाले. ती म्हणाली, घरीच. तबस्सुम रोज यायला लागली. शेवटच्या सकाळी अक्का भिंतीला टेकून बसली होती. मुलगे चहाला स्टँडवर गेले होते. तबस्सुमनं विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"बरंय," अक्का म्हणाली.

मला ते खरं वाटलं. तीन वर्षं भिऊनही खरं वाटलं, मी चूल पेटवायला उठलेसुद्धा. तबस्सुमनं मात्र तिच्या नखांकडं बघितलं, मानेकडं बघितलं, आणि लगेच पिशवीतून प्राणवायूची नळी काढून लावली, जिभेखाली थेंब सोडले, पाठीमागं हात घालून तिला पुढं वाकवून धरलं. "मावशी, चूल राहू द्या," ती म्हणाली. "इथं येऊन बसा." कॉलेजातल्या अक्कानं तिला किती वेळा बरंय म्हणून फसवलं असेल, कोण जाणे. या वेळी ती फसली नाही. काचेच्या दारातून मी ऐकली होती तशी घरघर आमच्या घरात झाली नाही. अक्काचा श्वास लांब लांब होत गेला. तिनं माझा हात धरला होता. कुणाला बोलवा असं ती म्हणाली नाही.

माझी मोठी जाऊ द्वारका भानुदास काशीद १२ नोव्हेंबर २०४६ रोजी, सोमवारी सकाळी, बार्शीत आमच्या घरी वारली.